पात्राचं नाव कुणी ठेवलं?

माझ्या एका जुन्या कथेत गोव्यातल्या बाणावलीच्या किनाऱ्यावरचा एक रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणारा, होता. जन्म १९३०च्या आसपासचा, आयुष्यभर गाव न सोडलेला. त्याचं नाव मी ठेवलं होतं मायकल डिसोझा. कथा छापून आल्यावर तिथल्याच साष्टी तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. कथा आवडल्याचं त्यांनी मनापासून सांगितलं, जाळं ओढण्याच्या प्रसंगाबद्दल बराच वेळ बोलले. मग थोडं थांबून म्हणाले, "बाय, त्या तेंपार आमच्या वाड्यार मायकल कोण नासलो. मिंगेल आसलो." म्हणजे त्या काळी आमच्या वाड्यावर मायकल कुणी नव्हता, मिंगेल होता.

त्यांचं म्हणणं मला पूर्ण कळायला काही दिवस लागले. १९३० साली गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, वहीत त्या मुलाचं नाव 'मिगेल' लिहिलं गेलं असतं आणि घरात ते 'मिंगेल' झालं असतं. 'मायकल' व्हायला त्याला मुंबईला जावं लागलं असतं, किंवा इंग्रजांच्या बोटीवर नोकरी धरावी लागली असती. माझा रांपणकार तर कधी मांडवी ओलांडून पलीकडेही गेला नव्हता. त्याच्या नावातून मात्र एक अख्खा प्रवास डोकावत होता, आणि तो कथेत कुठेच नव्हता.

मी डिचोलीची. घरात मराठी आणि कोकणी, शेजारी चारी, शेट, परब आणि गावडे. ख्रिस्ती माणसं शाळेत भेटली, नंतर नोकरीत. त्यामुळे माझ्या कथांत आपल्या समाजाबाहेरची नावं सतत येतात, आणि अधूनमधून असंही पात्र येतं की ज्याचं नावच त्याच्या स्वतःच्या समाजाचं नसतं. नटाशा नाईक. सुनीता फर्नांडिस. फकीरप्पा. अशा नावांचं काय करायचं, हे मला नवे लेखक वारंवार विचारतात. मी ज्या क्रमाने काम करते, तो क्रम इथे मांडते.

आधी नाव ठेवणारा माणूस शोधा

आपण बहुतेक वेळा नावांच्या यादीपासून सुरुवात करतो. "ख्रिस्ती मुलीची नावं", "रशियन पुरुषांची नावं" असं फोनवर शोधतो आणि कानाला बरं वाटेल ते उचलतो. यादीत फक्त नाव मिळतं, ठेवणारा मिळत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक नाव कुणीतरी, कुठल्यातरी दिवशी, काहीतरी मनात धरून ठेवलेलं असतं. बाळाला कुशीत घेतलेल्या त्या माणसाचा चेहरा दिसेपर्यंत मी नाव पक्कं करत नाही.

पात्राचं नाव परक्या संस्कृतीतलं असेल तेव्हा तर हा माणूस सापडायलाच हवा. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी यांची नावं नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसावरून ठेवली, असं परंपरा सांगते. आपल्याकडच्या गावागावांत पिराजी आहेत. उत्तर कर्नाटकातून गोव्यात बांधकामावर येणाऱ्या माणसांत फकीरप्पा नावाचा हिंदू सहज भेटतो. गदग जिल्ह्यातल्या शिरहट्टीला फकीरेश्वराचा मठ आहे, तिथे हिंदू-मुसलमान दोघेही जातात. 'फकीरप्पा हिंदू कसा?' असा प्रश्न गोव्यातल्या वाचकाला पडेल, त्याच्या आईला कधीच पडला नसेल. तिने नवस बोलला होता आणि तो पावला होता.

म्हापशाची गोष्ट याहून जवळची आहे. लोकश्रद्धेनुसार लईराई, केळबाय वगैरे सात बहिणी, आणि त्यांतली मीराबाय म्हणजेच म्हापशाच्या इगर्जीतली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता. तिच्या फेस्ताला हिंदू बायका तेल घेऊन जातात. अशा भागातल्या कथेत एखाद्या ख्रिस्ती आजीचं नाव मिलाग्रीन असेल आणि तिच्या हिंदू शेजारणीने आपल्या नातीचं नाव मीरा ठेवलं असेल, तर ती दोन नावं एकमेकींकडे पाहतात. हे यादीतून येत नाही, जागेतून येतं.

नाव ठेवण्यामागची कारणं फार वेगवेगळी असतात: नवस, उपकाराची आठवण, आवडती नटी, बाळंतपण केलेली नन, आजोबांनी बोटीवरून आणलेलं नाव, धर्मांतर, लग्न, शाळेतल्या कारकुनाची चूक. यांपैकी एक निवडा आणि दोन-तीन ओळींत आपल्या वहीत लिहून ठेवा. कथेत ते आलंच पाहिजे असं नाही. पण ते लिहून ठेवलं की पात्र आपलं नाव उच्चारताना कसं वागेल, कुणी नावाबद्दल विचारलं तर चिडेल की हसेल, हे आपोआप सुचायला लागतं.

सुनीता फर्नांडिसचं उदाहरण घेते, कारण तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. मडगावातली परिचारिका, जन्म १९७४, कॅथलिक. वडील प्राथमिक शिक्षक, पोर्तुगीजांपासून गोवा मुक्त झाल्यानंतर नोकरीला लागलेले. आपल्या लेकीचं नाव भारतीय असावं हा त्यांचा हट्ट. आजीला ते पसंत नाही. इगर्जीत काय झालं असेल? त्या काळी चर्चचा १९१७चा कायदा लागू होता. मुलाला ख्रिस्ती नाव मिळेल याची काळजी पाद्रीने घ्यावी, आईबाप ऐकत नसतील तर त्यांनी दिलेल्या नावाला एखाद्या संताचं नाव जोडावं आणि वहीत दोन्ही नोंदवावीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. १९८३चा नवा कायदा बराच सैल आहे. ख्रिस्ती भावनेला परकं असं नाव नको, एवढंच तो म्हणतो. म्हणजे १९७४च्या पाद्रीने 'मारिया' जोडलं असणार. झालं: वहीत मारिया सुनीता, आजीच्या तोंडी 'मारी', वडिलांच्या तोंडी 'सुनीता', वॉर्डात 'सिस्टर सुनीता'. एका हिंदू रुग्णाची सून तिला आपल्यातली समजून बोलत राहते आणि नाताळच्या सुट्टीचा विषय निघतो तेव्हा गप्प होते. हा प्रसंग मी रचला नाही, नाव नीट बसलं तेव्हा तो समोर उभा राहिला.

मग साल आणि तालुका

गोव्यात नावं पिढीगणिक बदललेली आहेत, आणि ती बदलण्याची कारणं इतिहासात आहेत. १५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली, १५४३ साली बार्देश आणि साष्टी त्यांच्याकडे गेले. सोळाव्या शतकातली मोठी धर्मांतरं या तीन महालांत झाली. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हा भाग अठराव्या शतकात त्यांच्या हाती आला, तोवर धर्मांतराचा तो जोर ओसरला होता. पहिल्या तीन महालांना जुन्या काबिजादी म्हणतात, नंतरच्या भागाला नव्या काबिजादी. म्हणून जुन्या काबिजादींतल्या गावात फर्नांडिस, रॉड्रिग्स भरपूर, आणि नव्या काबिजादींतल्या गावात ख्रिस्ती कुटुंब असेल तर ते तिथे कसं आलं, हे लेखकाला ठाऊक हवं.

एकाच ख्रिस्ती घराच्या चार पिढ्या कागदावर मांडून पाहा. पणजोबा कायतान. आजोबा मुंबईला गेले, धोबीतलावच्या आपल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात राहिले, तिथे जुआंवचे जॉन झाले. वडिलांचा जन्म मुक्तीनंतरचा, १९ डिसेंबर १९६१च्या पुढचा. त्यांचं नाव सावियो असेल, आग्नेल असेल, क्वचित अनिलही असेल. मुलगा आज शाळेत जातो, तो रायन किंवा एथन. या क्रमात एकही नाव मागेपुढे झालं की गोव्यातला वाचक अडखळतो.

काही नावांना तर जन्मतारीखच असते. सावियो हे नाव दोमिनिक सावियो या मुलामुळे पसरलं. त्याला संतपद मिळालं १९५४ साली. १९२०ला जन्मलेला गोव्यातला सावियो म्हणूनच खटकतो. आग्नेल किंवा आग्नेलो हे नाव गोव्यात इतकं आढळतं, त्यामागे पिळारचे पाद्री आग्नेल आहेत. ते १९२७ साली वारले, आणि त्यांच्याबद्दलची भक्ती त्यानंतर वाढत गेली. नाताळात जन्मलेली नातालीन, पास्काच्या (ईस्टरच्या) सणाला जन्मलेला पास्कोल, रविवारचा दुमिंग ही नावं तर पंचांगातूनच आलेली.

हिंदू पात्रांचंही असंच. मंगेश, नागेश, दामोदर, शांता, म्हाळसा या नावांमागे कुलदेव असतात. कुळाचा देव म्हार्दोळला आणि मुलाचं नाव भलत्याच दैवताचं, असं असेल तर त्यालाही कारण लागतं. आणखी एक नाजूक जागा आहे. १९२८च्या सुमारास विनायक महाराज मसूरकरांच्या पुढाकाराने गोव्यातल्या अनेक ख्रिस्ती गावडा कुटुंबांचं शुद्धीकरण झालं, म्हणजे त्यांना हिंदू धर्मात परत घेतलं गेलं. त्या पिढीतल्या माणसाने आयुष्यात दोन धर्मांतली दोन नावं वापरली. अशा घरावर लिहायचं तर त्या घरातल्या माणसांशी आधी बोला. बाहेरून बघणाऱ्याला त्यात फक्त गंमत दिसते, त्यांच्या आठवणीत त्याच्याभोवती पुष्कळ काही असतं.

आडनाव

गोव्यातला वाचक आडनावावरून जात, गाव आणि कधीकधी देऊळसुद्धा ओळखतो. शेट म्हटलं की सोनार, चारी म्हटलं की सुतार किंवा लोहार, वेळीप म्हटलं की काणकोण-केप्याचा डोंगर. हे आवडो न आवडो, तुमच्या कथेत ते बोलणारच. म्हणून आडनाव डोळे उघडे ठेवून निवडा.

ख्रिस्ती आडनावांचं गणित वेगळं. धर्मांतराच्या वेळी पाद्रीचं, धर्मपित्याचं किंवा एखाद्या अधिकाऱ्याचं आडनाव मिळालं. त्यामुळे एका वाड्यावरचे दोन फर्नांडिस एकमेकांचे कुणीही नसू शकतात. दोघे भाऊबंद असावेत असं त्यांच्या आडनावावरून ठरवून मोकळं होऊ नका. फर्नांडिस म्हणजे मुळात फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्स रॉद्रिगोचा, गोन्साल्विस गोन्सालोचा. 'दा क्रूझ', 'दो रोझारियो', 'दोस रेमेदियोस' ही भक्तीची आडनावं. स्पॅनिश लोकांत फर्नांडिस, रॉड्रिग्ससारखी नावं 'एझ' अशी संपतात, म्हणून गोव्याच्या माणसाला 'फर्नांदेझ' लिहिलं की तो एकदम मेक्सिकोला जाऊन बसतो. जुन्या पोर्तुगीज रीतीच्या घरात पूर्ण नाव लिहिताना आईचं आडनाव आधी आणि वडिलांचं शेवटी येतं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, त्या सवयीने मधल्या आडनावाला 'वडिलांचं' समजण्याची चूक मी स्वतः केलेली आहे.

'-कर' लागलेल्या आडनावाबद्दल एकच सांगते. हरमलकर हे आडनाव हरमलबाहेर जास्त शोभतं. गावात सगळेच हरमलचे, तिथे गावावरून ओळखायचं कुणाला?

देवनागरीत नाव उतरवताना

मराठी लेखक इथे सर्वांत जास्त चुकतो, कारण आपण पोर्तुगीज नाव इंग्रजी कानाने ऐकतो. इंग्रजी कानाला 'ट' आणि 'ड' ऐकू येतात, पोर्तुगीजांत ते 'त' आणि 'द' असतात. म्हणून जुन्या पिढीचा पेद्रू, पेड्रो नव्हे. आंतोन, अँटनी नव्हे. पिंतो, कोस्ता, फेर्नांदिस. नातू इंग्रजी शाळेत गेला की तोच फर्नांडिस होतो, आंतोनचा टोनी होतो. एकाच घरात आजी 'त' बोलते आणि नातू 'ट' बोलतो, हे लिहिता आलं तर तुम्हाला पिढ्यांमधलं अंतर वेगळं सांगावं लागत नाही.

पोर्तुगीजांतला शेवटचा नाकातला 'आंव' कोकणीने जसाच्या तसा ठेवला. जुआंव, सिमांव, बॉस्त्यांव. २४ जूनला विहिरीत उड्या मारायचा सण तो सांजांव. इंग्रजी वळणाने 'जोआओ' असं लिहिलं तर तो माणूस गोव्याचा राहत नाही. जुझेतला 'झ' मऊ आहे, शावियेरमधला 'श' स्पष्ट आहे. 'झेवियर' म्हणणारा इंग्रजी शिकलेला.

ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्यांसाठी थोडं अधिक. पोर्तुगीज दस्तांत हिंदू नावं त्यांच्या कानाने लिहिलेली आहेत. त्यांच्या वर्णमालेत 'के' वापरत नसत, म्हणून 'क' साठी 'सी' किंवा 'क्यू-यू'. 'श' साठी 'एक्स'. मग शंकर 'शेंकोरा' होतो आणि एक्सने सुरू होतो, कामती 'कामोतिम' होतात, प्रभूंचे 'पोरोबो' आणि शेणवींचे 'सिनाय'. असं नाव कागदावरून उचलून थेट देवनागरीत लिहिलं तर आपल्याच माणसाला आपण परका करून टाकतो. कथेतला पोर्तुगीज अधिकारी त्याला 'कामोतिम' म्हणेल, त्याची बायको कधीच म्हणणार नाही. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं आहेत, पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. एक-दोन दिवस तिथे काढले की डोळ्याला ही लेखनपद्धत सरावते.

गोव्यात बाहेरून आलेली माणसं

आजच्या गोव्यावर लिहायचं तर हॉटेल, किनारा, बांधकाम आणि रुग्णालय यांतली माणसं येणारच, आणि त्यांची नावं आपल्याला सर्वांत कमी माहीत असतात. म्हणून ती सर्वांत आळसाने ठेवली जातात. राखणदार नेपाळी म्हणून 'बहादूर', किनाऱ्यावर माळा विकणारी बाई म्हणून नुसती 'लमाणी'. लमाणी हे समाजाचं नाव आहे, त्या बाईचं नाव नाही. तिचं नाव शांताबाई असेल, आडनाव राठोड किंवा चव्हाण. चव्हाण हे आडनाव वाचून गोव्यातला वाचक तिला मराठा समजेल. तो गैरसमज कथेत वापरायचा की आधीच दूर करायचा, हे लेखकाने ठरवायचं.

उत्तर कर्नाटकातल्या पुरुषांच्या नावात बहुधा 'अप्पा' येतं आणि बायकांच्या नावात 'अव्वा'. सौंदत्तीच्या यल्लम्मावरून यल्लप्पा आणि यल्लव्वा. 'अम्मा' तिकडे दक्षिणेला जास्त. आडनाव हिरेमठ असेल तर घर जंगमांचं, बडिगेर असेल तर सुतारांचं. झारखंडातून आलेल्या उरांव मुलांची आडनावं तिर्की, टोप्पो, एक्का, मिंज अशी असतात. ती त्यांच्या कुळांची नावं आहेत आणि ख्रिस्ती उरांवही तीच लावतात. म्हणून जॉन एक्का या नावात परक्या देशाचं नाव आणि अगदी जुनं कुळ शेजारी बसलेलं असतं. मिझोरामच्या नावांत शेवटचा 'आ' पुरुषाचा आणि 'ई' बाईची, इतकं सोपं सूत्र आहे. स्पात काम करणारी मिझो मुलगी भेटली तर पाटीवरच्या टोपणनावाऐवजी तिचं खरं नाव विचारा. सांगताना तिचा चेहरा उजळतो, हे मी पाहिलं आहे.

मोरजीत रशियन, हरमल-हणजुण्यात इस्रायली. रशियन आडनाव बाईसाठी बदलतं: भाऊ इवानोव, बहीण इवानोवा. बापाला इवानोवा करू नका. तान्या, नताशा, साशा, मिशा ही लाडाची रूपं आहेत, पारपत्रावर तात्याना, नताल्या, अलेक्सांद्र, मिखाईल असतं. साशा मुलगाही असतो आणि मुलगीही. आपल्याकडे तान्या आणि नटाशा ही पूर्ण नावं म्हणून ठेवली गेली. म्हणून नटाशा नाईकला मोरजीतल्या रशियन बाईने "तुझं पूर्ण नाव काय?" असं विचारणं अगदी स्वाभाविक आहे. नटाशाकडे त्याचं उत्तर नाही. तिचं नाव तिच्या बाबांना आवडलं, एवढंच तिला ठाऊक आहे. या दोघींच्या संवादावर एक कथा उभी राहते.

इस्रायली नावांत नोआ बहुधा मुलगी असते. आणि अमित हे हिब्रू नाव आहे, मुलाचं आणि मुलीचंही. हरमलच्या शॅकमध्ये "मी अमित" असं म्हणणारी तरुणी आणि तिच्यासमोर ऑर्डर घ्यायला उभा असलेला आपला अमित पेडणेकर, हे गोव्यात खरोखर घडू शकतं.

विभक्ती लावून मोठ्याने वाचा

मराठीत नाव एकटं राहत नाही. त्याला ला, ने, चा, कडे लागतात, आणि क्रियापद त्याचं लिंग धरून चालतं. म्हणून ठरवलेलं नाव या चार प्रत्ययांसह मोठ्याने म्हणून पाहा. 'मिंगेलला', 'जुआंवने', 'नोआकडे', 'यल्लव्वाचं'. जीभ अडकली तर वाचकाचीही अडकेल. कादंबरीभर चारशे वेळा येणारं नाव असेल तर त्याचं हाक मारायचं लहान रूप आधीच ठरवून ठेवा.

लिंग अनोळखी असेल तर पहिल्या वाक्यातच क्रियापदाने ते सांगून टाका. "अमित आली" हे दोन शब्द वाचकाला जागं करतात, पुढे गोंधळ होत नाही. "अमितने पाणी मागितलं" अशी सुरुवात केली तर तीन पानं वाचक तिला मुलगा समजून वाचतो.

कोण काय हाक मारतं

एका माणसाला किती नावं असतात ते मोजा. आमच्याकडे अनेक हिंदू घरांत लग्नात मुलीचं नावही बदलायचे. माहेरची सुशीला सासरी लक्ष्मी व्हायची, आणि चाळीस वर्षांनी भाऊ दारात येऊन "सुशे" म्हणाला की डोळ्यांत पाणी. आदराने बोलायचं तर पुरुषाला 'बाब': रमाकांतबाब, पेद्रूबाब. मजूर मालकाला 'पात्रांव' म्हणतो. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, नावाने हाक मारत नसे. ख्रिस्ती गावांत एकाच नावाची माणसं इतकी की घराला टोपणनाव पडतं आणि माणूस त्यावरूनच ओळखला जातो. पात्राचं कागदावरचं नाव ठरलं की आई, नवरा, शेजारी, मालक आणि सरकारी कारकून त्याला काय म्हणतात, ते पाच शब्दांत लिहून ठेवा. परक्या संस्कृतीतलं नाव असेल तर गाव त्याला कसं वळवतं ते इथेच कळतं. नटाशाची आजी तिला 'नाटू' म्हणते.

पात्र आजच्या काळात नाव बदलत असेल तर कागदपत्रांकडेही बघा. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी १९९०चा स्वतंत्र कायदा आहे. "उद्यापासून माझं नाव अमुक" असं म्हणून पात्राचं काम भागत नाही, रीतसर अर्ज करावा लागतो.

तपासणी

नावं शोधायला मला सर्वांत उपयोगी पडतात वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता. गोव्यातल्या एका चौकटीत मयत व्यक्ती, जोडीदार, मुलं, सुना, जावई, नातवंडं अशा तीन पिढ्या गावासकट मिळतात. कुठल्या गावात कोणत्या वयाच्या माणसांची कोणती नावं, हे त्यांतून शिकावं. मतदारयाद्याही वयासह असतात. पण त्यांतून फक्त वळण घ्या, कुणाचंही पूर्ण नाव जसंच्या तसं उचलू नका. नाव, आडनाव, गाव आणि हुद्दा हे चारही कथेत एकत्र आले की लहान गावात एकच माणूस उरतो. खलपात्र असेल तर गाव काल्पनिक ठेवा, किंवा हुद्दा बदला.

त्यानंतर त्या समाजातल्या दोन माणसांना विचारा, एक साठीच्या पुढचा आणि एक तिशीच्या आतला. "हे नाव बरोबर आहे का?" असं विचारू नका, भिडेखातर हो म्हणतात. विचारा, "अमुक नावाचा माणूस म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? किती वयाचा? कुठला?" त्यांचं उत्तर तुमच्या पात्रापासून दूर गेलं तर नाव बदला, किंवा ते अंतर का आहे ते कथेत येऊ द्या.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे सांगते. आमच्या जत्रांतल्या मराठी नाटकांत ख्रिस्ती पात्र म्हटलं की झिंगलेला पेद्रू, आणि तो मंचावर आला की हशा, असं पुष्कळ वर्षं चाललं. त्या प्रेक्षकांत खरे पेद्रू बसलेले असत, शेजारधर्माने नाटक बघायला आलेले. नाव ऐकताच माणूस कसा वागणार हे वाचकाला आधीच कळत असेल तर ते नाव काढून टाका, किंवा त्याच नावाला असा माणूस द्या की हसायला उघडलेलं तोंड तसंच राहील.

माझ्या रांपणकाराची कथा संग्रहात घेताना मी त्याला मिंगेल केलं. नाव बदलल्यावर दोन संवाद बदलावे लागले, बायकोच्या हाकेचा सूर बदलला, आणि शेवटच्या पानावर मुंबईहून आलेल्या पुतण्याला त्याला "अंकल मायकल" म्हणता आलं. मिंगेल मागे वळून बघत नाही. ती हाक आपल्यासाठी आहे हे त्याला कळतच नाही.